खंडेनवमीची पूजा आणि गाडीचा सांगाडा

खंडेनवमीच्या सकाळी इंद्रायणीकाठच्या चऱ्होली बुद्रुक गावातून फेरफटका मारला, तर कोणत्या घरी कोणता व्यवसाय चालतो हे कोणास विचारावे लागत नाही. एका ओसरीवर विळा, कोयता आणि नांगराचा फाळ धुऊनपुसून मांडलेला असतो. शेजारच्या घरी पाटावरील लाल वस्त्रावर व्हर्नियर कॅलिपर, मायक्रोमीटर आणि पान्यांचा संच हळदकुंकू लेवून बसलेला असतो. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले. शेते आटली, गृहसंकुले उठली. तथापि ग्रामदैवत वाघेश्वराला हात जोडल्यावाचून शुभकार्यास आरंभ न करणारी घरे येथे आजही आहेत. त्या घरांच्या अंगणात नवमी-दशमीला सर्वांत मोठे आयुध उभे असते ते म्हणजे मोटारगाडी. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, आरशांना झेंडूच्या माळा, आपट्याची डहाळी आणि पुढच्या चाकांखाली एकेक लिंबू.

आळंदी येथून हाकेच्या अंतरावर. ज्ञानदेव आणि त्यांची भावंडे निर्जीव भिंतीवर बसून चांगदेवांच्या भेटीस गेली, ही कथा ज्या परिसरात मुले आजीच्या मांडीवर ऐकतात आणि ती भिंत भाविकांस आजही दाखविली जाते, त्या परिसरातील माणसास निर्जीव वाहनाला नमस्कार करण्यात काही वावगे वाटत नाही, यात नवल ते काय? पांडवांनी अज्ञातवास संपताच शमीवरील शस्त्रे उतरविली, त्यांचे स्मरण म्हणून आपण शस्त्रपूजन करतो. परंतु योद्धा शस्त्राची पूजा करी त्याआधी ते पारखून घेई, धार पाही, दोरी ताणून पाही, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. दसऱ्याच्या मुहूर्तावर घरी येणारी गाडी आपण कशी पारखतो? दार आपटून आवाज ऐकतो, पत्र्यावर बोटांनी टिचकी मारतो, आणि शेजाऱ्याने काय घेतले ते विचारतो.

गेल्या नवरात्रात आम्ही चऱ्होलीतील अशाच एका घरी बसलो होतो. थोरले बंधू, ज्यांना सारे घर तात्या म्हणते, भोसरीतील एका कारखान्यात मोटारींचे सुटे भाग दाबण्याच्या आणि जोडण्याच्या कामावर आयुष्य घालवून निवृत्त झालेले. धाकटे चाकणच्या बाजूस नोकरीला. पुतण्या संगणकाच्या नोकरीतला. गाडी त्याला घ्यायची होती, आणि ती ‘कॉम्पॅक्ट एसयूव्ही’ म्हणजे आटोपशीर पण उंच बैठकीची, हे ठरलेले होते. कोणती, हे ठरत नव्हते. त्याने एका गाडीविषयी तक्रार केली, “तात्या, तुम्ही स्वतः दाबून पाहा. बॉनेट अंगठ्याने दबते. डबा आहे नुसता!”

तात्या शांतपणे म्हणाले, “अरे, पत्रा ही गाडीची कातडी. कातडी जाड असून कोणी पैलवान झाला आहे का? हाडे पाहा.”

या एका वाक्याने आमच्याही मनातील बराच गोंधळ दूर झाला, म्हणून हा विषय आम्ही सणाच्या पानावर घेत आहोत.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, दाराचा किंवा बॉनेटचा बाहेरचा पत्रा कोणत्याही आधुनिक गाडीत पाऊण मिलिमीटरच्या आसपासच असतो. तो गाडीला आकार देतो, पाऊस-वारा अडवितो. धडक अडविणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. बॉनेट दबते हा तर कित्येकदा दोष नसून हेतू असतो. पादचाऱ्याचे डोके त्यावर आदळले तर इजा कमी व्हावी म्हणून ते मऊ ठेवलेले असते. दार बंद होताना येणारा ‘धप्प’ असा भारदस्त आवाजही फसवा. रबराची पट्टी, कुलपाची रचना आणि दाराच्या आत चिकटविलेले आवाज शोषणारे थर यांनी तो आवाज हवा तसा घडविता येतो. तंबोरा जुळवावा तसा तो जुळविलेला असतो, असे म्हटले तरी चालेल.

हाडे म्हणजे काय? काचेच्या दोन्ही बाजूंस तिरपे चढणारे खांब, पुढच्या व मागच्या दारांमधील उभा खांब, दाराखालचा उंबरा, छताच्या कडा आणि तळाचे आडवे पाट. हे सारे मिळून माणसांभोवती एक पिंजरा होतो. या पिंजऱ्याच्या पुढे इंजिनाभोवती जो भाग असतो तो मात्र मुद्दाम चेपला जावा असाच योजलेला असतो. बेला बॅरेनी नावाच्या अभियंत्याने मर्सिडीज कंपनीसाठी १९५०च्या दशकाच्या आरंभी ही कल्पना मांडली: गाडीचे नाक चेपावे, पण पोट अभंग राहावे. धडकेचा जोर नाकाने खाल्ला तर माणसापर्यंत कमी पोचतो. ‘जुन्या गाड्यांना काही होत नसे, आताच्या पहा कशा चुरतात’ असे म्हणणारे वडीलधारे आपल्या प्रत्येकाच्या घरी आहेत. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून सांगावेसे वाटते की, गाडीला काही होत नसे तेव्हा जे व्हायचे ते आतल्या माणसाला होत असे.

या हाडांतील मोक्याच्या हाडांसाठी आता वेगळे पोलाद वापरतात. बोरॉनमिश्रित पत्रा नऊशे अंश सेल्सिअसच्या वर तापवून लालबुंद करतात, तो तसाच पाण्याने थंड ठेवलेल्या साच्यात दाबतात, आणि साच्यातच काही सेकंदांत त्याला पाणी चढते. लोहार तलवारीला पाणी देई, तीच विद्या. असा खांब साध्या पत्र्याच्या चार-पाच पट ताण सोसतो. बाहेरून रंग दिल्यावर साधा खांब आणि हा खांब यांत डोळ्यांना काडीचा फरक दिसत नाही, आणि टिचकीला तर मुळीच कळत नाही.

हाडांइतकेच महत्त्व सांध्यांना. एका गाडीच्या सांगाड्यात विजेने दिलेले हजारो ठिपक्यांचे जोड असतात. कामगार त्यांना टाके म्हणतात. तात्यांच्या कारखान्यात ठरावीक नगांमागे एक नग छिन्नी-हातोड्याने मुद्दाम फाडून पाहण्याची रीत होती. टाका चांगला असेल तर तो सुटत नाही. एका पत्र्याचा वाटोळा तुकडा तोडून घेऊन दुसऱ्याला चिकटून राहतो. टाका कच्चा असेल तर दोन पत्रे कागदासारखे सरळ अलग होतात. तात्या सांगत होते, “नव्या पोरांना वाटे, चांगला माल कशाला फाडायचा? मी म्हणे, हा नग फाडला म्हणून उरलेले फाटणार नाहीत.” हे सांगताना त्यांचा हात नकळत छिन्नी धरल्यासारखा झाला होता.

मग सामान्य गृहस्थाने काय करावे? तो काही छिन्नी घेऊन विक्रेत्याच्या दालनात जाऊ शकत नाही. त्याच्या वतीने गाडी फोडून पाहणारे आता आहेत. ग्लोबल एनकॅप या परदेशी संस्थेने २०१४पासून भारतीय गाड्या भिंतीवर आदळून पाहण्यास आरंभ केला, आणि भारत सरकारची ‘भारत एनकॅप’ ही योजना १ ऑक्टोबर २०२३पासून अमलात आली. हिच्यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने, पुढच्या रुंदीचा चाळीस टक्के भाग लागेल अशी एका चेपणाऱ्या अडथळ्यावर घालतात. बाजूने ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडा आदळतात. खांबावरही घसरवून पाहतात. आतील पुतळ्यांच्या डोक्या-छातीला काय झाले हे मोजून प्रौढांसाठी ३२ पैकी आणि बालकांसाठी ४९ पैकी गुण दिले जातात. योजना ऐच्छिक आहे. कंपनीने गाडी पाठविली तरच परीक्षा होते. एखादी गाडी परीक्षेस बसलेलीच नसेल, तर ती नापास आहे असे समजू नये, पण उत्तीर्ण आहे असेही समजू नये.

आता चऱ्होलीच्या त्या ओसरीवरील वादाकडे वळू. योगायोग असा की, ज्या गाड्यांची तुलना चालली होती त्यांपैकी बऱ्याच याच पंचक्रोशीत किंवा पुण्या-नाशिकच्या पट्ट्यात बनतात. टाटांची नेक्सॉन रांजणगावची, पंच पुण्याच्या कारखान्यातील. महिंद्राची एक्सयूव्ही ३एक्सओ नाशिकची. स्कोडाची कायलॅक चाकणची. कायलॅक हे नाव संस्कृतातील स्फटिकवाचक शब्दावरून घेतले असून त्यात कैलासाचाही ध्वनी आहे, असे कंपनी सांगते. परदेशी कंपनीला आमच्या कैलासाची आठवण व्हावी याचे कौतुक वाटते, पण नावाला गुण नसतात. गुण वेगळे आहेत आणि ते असे.

भारत एनकॅपच्या परीक्षेत कायलॅकला जानेवारी २०२५मध्ये प्रौढांसाठी ३०.८८ आणि बालकांसाठी ४५ गुण मिळाले. नेक्सॉनला ऑक्टोबर २०२४मध्ये २९.४१ आणि ४३.८३. एक्सयूव्ही ३एक्सओला नोव्हेंबर २०२४मध्ये २९.३६ आणि ४३. किआ कंपनीच्या सायरॉसला एप्रिल २०२५मध्ये ३०.२१ आणि ४४.४२. चौघींनाही पाच तारे. पुतण्या म्हणाला, “म्हणजे कायलॅक पहिली.” धाकट्या बंधूंची छाती किंचित फुगली, चाकणची म्हणजे आपली, असा भाव. परंतु आमच्या मते या चौघींमधील दीड-दोन गुणांच्या फरकावरून भावाभावांत वाद घालण्याचे कारण नाही. पाच ताऱ्यांसाठी प्रौढांचे किमान २७ आणि बालकांचे ४१ गुण लागतात, आणि या साऱ्या ती पायरी ओलांडून गेल्या आहेत.

फरक पाहायचा तो दहा वर्षांच्या अंतराने. २०१४ साली ग्लोबल एनकॅपने आदळलेल्या कित्येक लोकप्रिय भारतीय गाड्यांना एकही तारा मिळाला नव्हता. डिसेंबर २०१८मध्ये नेक्सॉनला प्रौढ-सुरक्षेचे पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला हा मान प्रथमच मिळत होता. त्याच वर्षी मारुतीच्या विटारा ब्रेझाला चार. जानेवारी २०२०मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ३००, ऑक्टोबर २०२१मध्ये पंच, दोन्ही पाच. ऑक्टोबर २०२२मध्ये चाकणच्या कुशाक आणि टायगुन या जोडीने, परीक्षा अधिक कडक झाल्यावर, प्रौढ आणि बालक दोन्हींत पाच तारे घेतले. याउलट खप मोठा असलेल्या सेल्टॉसला २०२० साली आणि क्रेटाला २०२२ साली त्या वेळच्या रूपात तीनच तारे मिळाले, आणि सांगाडा ‘अस्थिर’, म्हणजे याहून अधिक मार सोसण्याजोगा नाही, असा शेरा पडला. दिसायला, बसायला, आतील सजावटीला या दोन्ही गाड्या अत्यंत नीटनेटक्या. दाराच्या फटी सारख्या, प्लॅस्टिक गुळगुळीत. बांधणीची नजरेत भरणारी सफाई आणि जिवाला उपयोगी पडणारी मजबुती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कसे दिसावे? त्याच किआ कंपनीने पुढे सायरॉस पाच ताऱ्यांची केली, यावरून ग्राहकाने विचारणा केली म्हणजे कारखाना ऐकतो, असे मानण्यास जागा आहे.

तारे वाचतानाही थोडा विवेक हवा. २०२२च्या मध्यापूर्वीचे ग्लोबल एनकॅपचे तारे मुख्यतः समोरच्या धडकेवर आधारलेले आणि प्रौढांसाठी १७ पैकी गुणांचे. त्यांची आजच्या ताऱ्यांशी सरळ तुलना होत नाही. तारे हे साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांतच ताडून पाहावेत. पाच ताऱ्यांची छोटी गाडी मालट्रकपुढे छोटीच असते. आणि वेगाचे गणित तर निर्दय आहे. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. परीक्षा ताशी ६४ची, आणि आपण नाशिक रस्त्यावर ८०ने जात असू, तर तो जोर दीडपटीहून अधिक होतो. तेथे ताऱ्यांची हमी संपलेली असते.

या साऱ्या गाड्या चार मीटरच्या आतच का, असा प्रश्न आजींनी मधूनच विचारला, तो अगदी रास्त होता. उत्तर करात आहे. चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि लहान इंजिनाच्या गाडीवर कर कमी. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे नेमकी घटस्थापना होती त्या दिवशी, तो १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे अभियंत्यांना नाक लहान करावे लागते, आणि चेपण्यासाठी जागाच थोडी असताना पोट अभंग राखण्याची कसरत करावी लागते. ती साधली जाते, हे आमच्या परिसरातील कारागिरांचे श्रेय होय.

येथे आम्हांस महाभारतातील एका प्रसंगाची आठवण होते. युद्ध संपल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात, आज तू आधी खाली उतर. अर्जुन गांडीव आणि भाते घेऊन उतरतो, मागून श्रीकृष्ण उतरतात, ध्वजावरील कपी अंतर्धान पावतो, आणि तो दिव्य रथ पाहता पाहता जळून भस्म होतो. द्रोण-कर्णांच्या अस्त्रांनी तो पूर्वीच दग्ध झालेला होता. भगवंत बसले होते म्हणून उभा दिसत होता. जुनी गाडी विकत घेणाऱ्या कुटुंबांनी हा प्रसंग अवश्य स्मरावा. आपल्या औद्योगिक पट्ट्यात दसऱ्याला नवीइतक्याच जुन्या गाड्यांचीही पूजा होते, आणि ते योग्यच आहे. परंतु एकदा जबर धडक खाल्लेली गाडी रंगकामाने नवी दिसते. ज्या खांबाला साच्यात पाणी दिलेले होते, तो गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ केला, तर त्याचे पाणी उतरते. खांब दिसतो तसाच, बळ गेलेले. दाराच्या चौकटीवरचे रबर जरा सोडवून पाहावे. कारखान्यातील टाके सारख्या अंतराने, वाटोळे आणि स्वच्छ असतात. तेथे वेल्डिंगची गाठ, कानशीचे ओरखडे किंवा पुटीचा थर दिसला, तर हात जोडून परत यावे. डिकीतील गालिचा उचलून कोपरे पाहावेत. तात्यांनी हे सारे पुतण्याला त्याच्याच जुन्या गाडीवर दाखविले, आणि ओळखीतून घेतलेल्या त्या गाडीच्या डाव्या उंबऱ्यावर पुटी निघाली! घरात क्षणभर कोणी बोलले नाही. तीन वर्षे त्या गाडीतून लेकरे शाळेत जात होती.

सांगाडा उत्तम निवडला तरी एक गोष्ट उरतेच, आणि ती कोणत्याही कारखान्याच्या हाती नाही. पाच ताऱ्यांचे गुण मिळाले ते पट्टा बांधलेल्या पुतळ्यांना. पिंजरा अभंग राहिला, पण आतला माणूस मोकळा असला, तर तो पिंजऱ्यावरच आदळतो. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा आजचा पट्टा व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन यांनी १९५९ साली सिद्ध केला. मागच्या आसनावर मात्र आपण तो आजही उशीखाली खोचून ठेवतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मोटार महागडी आणि मजबूत होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. केंद्र सरकारच्या अहवालानुसार त्या एका वर्षात देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. पट्टा न लावल्याने गेलेले १६,७१५. त्यांत प्रवासी ८,३३१, म्हणजे जवळजवळ निम्मे.

मांडीवरच्या मुलाविषयी तर लिहितानाही जीव कातर होतो. आईच्या मिठीइतकी सुरक्षित जागा नाही, ही आपली श्रद्धा. परंतु ताशी पन्नासच्या वेगात गाडी एकाएकी थबकली, तर दहा किलोच्या बालकाचा भार त्या क्षणापुरता शेकडो किलोंचा होतो. कोणत्या आईचे हात तो पेलतील? बालकांचे ४९ पैकी गुण मुलांसाठीच्या वेगळ्या आसनात बसविलेल्या पुतळ्यांना मिळालेले आहेत. सनरूफसाठी आनंदाने पैसे मोजणारा गृहस्थ त्या आसनासाठी का कचरतो, हे आम्हांस न उलगडलेले कोडे आहे. आणि त्याच सनरूफमधून मुलांना उभे करून मिरवणूक काढणे, हा तर दसऱ्याचा नव्हे, दैवाची परीक्षा पाहण्याचा प्रकार!

त्या घरी शेवटी कोणती गाडी आली हे सांगण्याचे आम्ही टाळतो. वाचकांनी तीच घ्यावी असे होऊ नये. पाच ताऱ्यांची आली एवढे पुरे. दशमीला तात्यांनी पूजा सांगितली. कुंकू लावण्याआधी त्यांनी चारही दारे उघडली, मागच्या तिन्ही आसनांचे पट्टे ओढून पाहिले, खटके लागतात की नाही हे तपासले, आणि मग सुनेला म्हणाले, “आता ओवाळ.” सुनेने बॉनेटला ओवाळले, आणि तात्यांच्या सांगण्यावरून दोन्ही दारांमधील खांबालाही कुंकवाचे बोट लावले. लिंबावरून चाक गेले. मुलाचे नवे आसन मागे घट्ट बसविलेले होते. त्यावरही कोणीतरी झेंडूचे फूल ठेवले होते.

सीमोल्लंघन आळंदीपर्यंतच करायचे होते. आजी नऊवारी सावरीत मागे बसल्या. पट्ट्याने जीव गुदमरतो, दोन पावलांवर तर जायचे, अशी त्यांची नेहमीची तक्रार सुरू झाली. नातवाने काही न बोलता चावी काढून हातात धरली आणि गाडी तशीच उभी ठेवली. मिनिटभर वाट पाहून आजी हसल्या आणि म्हणाल्या, “लाव रे बाबा मला तुझं ते जानवं. माऊलीकडे उशीर होतोय.”